एक पगार, चार देणी

घरहिशेब : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

ताई, नमस्कार.

मुलगा तीन वर्षांचा असताना मी नोकरी सोडली. त्याला आता सातवं लागलंय. घरात पगार एकच, नवऱ्याचा. मागच्या महिन्यात पासपोर्ट शोधायला म्हणून त्याच्या टेबलाचा ड्रॉवर उघडला आणि क्रेडिट कार्डाची स्टेटमेंटं हाती आली. भांडण झालं, दोन दिवस अबोला होता, मग एका रात्री त्यानं सगळं सांगितलं. आमचे खरे आकडे छापले जाऊ नयेत म्हणून पगार १०० धरून लिहिते.

घराच्या कर्जाचा हप्ता ३४, व्याज ९ टक्के, अजून १५ वर्षं आहेत. वैयक्तिक कर्जाचा हप्ता ११, व्याज १५ टक्के, १४ हप्ते उरलेत. कार्डावर ९० बाकी, महिन्याला ३ टक्के व्याज. तिथं आम्ही किमान रक्कम, म्हणजे बाकीच्या ५ टक्के, न चुकता भरतो. शिवाय धाकट्या दिराकडून चार वर्षांपूर्वी हातउसने घेतलेले १५०. त्याला व्याज नाही. त्याविषयी कुणी बोलतही नाही, आणि हल्ली त्याचा फोनही फारसा येत नाही. मुलाची फी ९, घरखर्च ३८.

सगळं मिळून ९७ होतात, म्हणजे महिन्याला ३ उरायला हवेत. ते कधीच उरत नाहीत. आणि दर महिन्याला पैसे भरूनही कार्डाची बाकी दोन वर्षं ९०च्या आसपासच आहे, हे कसं? नवरा म्हणतो, घराच्या कर्जाची मुदत वाढवून २० वर्षं करून घेऊ, हप्ता उतरेल. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते मांडता येत नाही. खरं सांगायचं तर मी कमवत नाही, त्यामुळे हे सगळं विचारायचा मला अधिकार किती, हेही मनात येतंच.

— एक वाचक

उत्तर :

तुमचं शेवटचं वाक्य मी आधी घेते, कारण ते वाचून मी पत्र बाजूला ठेवलं होतं आणि दोन दिवसांनी पुन्हा हातात घेतलं.

मी २२ वर्षं कर्ज विभागात नोकरी केली, त्यातली बरीचशी वसुलीच्या टेबलावर. त्याच काळात माझ्या घरीही एकच पगार होता, तो माझा. नवऱ्याचा व्यवसाय बंद पडला होता. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी दोन कर्जं त्याच्यापासून लपवली. घरी पत्रं येऊ नयेत म्हणून पत्ता ऑफिसचा दिला. दिवसभर लोकांना फोन करून थकलेल्या हप्त्यांची आठवण करायची आणि स्वतःची पत्रं टेबलाच्या खालच्या खणात फायलीखाली सरकवायची, असं मी अडीच वर्षं केलं. मग तापानं आठ दिवस घरी होते, तेव्हा फोन घरी आला आणि त्यानं उचलला. तो ओरडला नाही. सगळे कागद आणायला सांगितले आणि रात्री जमिनीवर पसरून बसला. पहाटे मला उठवून त्यानं एक ओळ दाखवली. संपलेल्या एका कर्जाबरोबर घेतलेल्या विम्याचा हप्ता सात महिने माझ्या खात्यातून कापला जात होता. कर्जाचे कागद वाचणं हे माझं रोजचं काम, पण मला ती दिसली नव्हती. भीतीनं मी स्वतःचे कागद नीट वाचतच नव्हते. पगार न आणणाऱ्या माणसानं ती ओळ शोधली.

म्हणून अधिकाराचा प्रश्न तुम्ही मनातून काढून टाका. पगार त्याच्या खात्यात येतो, पण तो पुरवायचा असतो तुम्हा दोघांनी, आणि कमी पडला तर झळ तिघांना लागते. आणखी एक बघा, घराच्या कर्जावर तुमची सही आहे का? सहकर्जदार असाल तर ते कर्ज कायद्यानंही तुमचंच आहे आणि त्याचा खातेउतारा तुम्ही स्वतः जाऊन मागू शकता. सही नसली तरी मागा, नवऱ्याला बरोबर घेऊन.

आता ते न उरणारे ३.

मी तुमचा हिशेब उलट्या बाजूनं केला. कार्डाची बाकी ९०, त्यावर महिन्याचं व्याज २.७. तुम्ही भरता साधारण साडेचार. कार्डावर काहीच नवीन खरेदी नसती तर बाकी दर महिन्याला पावणेदोन-दोननं उतरली असती. ती उतरत नाही, म्हणजे तेवढीच खरेदी दर महिन्याला कार्डावर चढतेय. ते २ आणि हातातून जाणारे ३ मिळून महिन्याला ५, वर्षाला ६०. वर्षाला ६०चा एक खर्च तुमच्या घरात आहे आणि तो तुमच्या यादीत कुठंच नाही. काय असेल तो? बहुतेक वर्षातून एकदाच तोंड दाखवणारे खर्च असतील : विम्याचे हप्ते, शाळेचं नवं वर्ष, गाडीची दुरुस्ती, कुणाचं तरी आजारपण, प्रवास. दर महिन्याच्या यादीत ते बसत नाहीत, म्हणून आले की आपण दचकतो आणि कार्ड पुढे करतो. वसुलीच्या टेबलावर माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी माणसांचं कर्ज असंच वाढलेलं होतं. ती उधळी नव्हती. त्यांनी वर्ष मोजलं नव्हतं, नुसता महिना मोजला होता.

तेव्हा गेल्या १२ महिन्यांचा बँकेचा उतारा आणि कार्डाची स्टेटमेंटं घेऊन दोघं बसा. हे सगळे खर्च एका कागदावर उतरवा, बेरजेला १२नं भागा. येईल तो आकडा पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात गेला पाहिजे. माझ्या अंदाजानं तो ५च्या जवळ असेल.

कार्डाविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण तुमचा सगळ्यात मोठा तोटा तिथं आहे. महिन्याला ३ टक्के म्हणजे चक्रवाढीनं वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांहून जास्त. नोकरीला लागले तेव्हा आमच्या वरिष्ठांनी एक ठोकताळा शिकवला होता : ७२ला व्याजदरानं भागा, तेवढ्या काळात रक्कम दुप्पट होते. १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या लुका पाचोली यांच्या गणिताच्या ग्रंथातही तो आहे. ७२ला ३नं भागलं की २४. म्हणजे कार्डावरच्या ९०ला हातच लावला नाही, तर दोन वर्षांत तिथं १८० उभे राहतात. किमान रक्कम भरणाऱ्याला हा वेग दिसत नाही. त्याला वाटतं, मी फेडतोय. १०० बाकीवर नवी खरेदी अजिबात न करता वर्षभर ५ टक्के भरत राहिलात तर १२ महिन्यांत तुमचे ५५ जातात आणि बाकी राहते ७७. बाकी उतरली की किमान रक्कमही उतरते, त्यामुळे फेड दर महिन्याला आणखी मंदावते. शिवाय बाकी पुढे ढकललेली असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, व्याज सहसा खरेदीच्या दिवसापासूनच लागतं.

तुमचं वैयक्तिक कर्ज १५ टक्क्यांचं आहे आणि त्याचे हप्ते वेळेवर जातात. त्याच ठिकाणी जाऊन विचारा : कार्डाचे ९० फेडायला तेवढंच कर्ज, त्याच दरानं, २४ महिन्यांसाठी मिळेल का? मिळालं तर त्याचा हप्ता येतो साधारण ४.४. पुन्हा एकदा वाचा. आज तुम्ही किमान रक्कम म्हणून जेवढं भरताय, त्याहून हा हप्ता किंचित कमी आहे, आणि २४ महिन्यांनी ते देणं संपलेलं असेल. प्रक्रिया शुल्क किती, कर्जाबरोबर विमा गळ्यात बांधताहेत का, हे दोन प्रश्न सहीआधी विचारायचे.

पण एक अट आहे आणि ती मी कळकळीनं सांगते. ज्या दिवशी कार्डाची बाकी फिटेल त्याच दिवशी कार्ड बंद करायचं आणि बंद झाल्याचं पत्र घ्यायचं. ‘अडीअडचणीला असू दे’ म्हणून पाकिटात ठेवलेलं कार्ड मी पुन्हा भरलेलं पाहिलंय. ती माणसं परत माझ्यासमोर आली, तेव्हा त्यांच्यावर नवं कर्जही होतं आणि कार्डही.

समजा ते कर्ज नाहीच मिळालं. तरी एक गोष्ट तुमच्या हातात आहे. या महिन्याच्या किमान रकमेएवढे, म्हणजे महिन्याचं व्याज धरून झालेल्या ९२.७च्या ५ टक्के, ४.६, दर महिन्याला भरत राहा. स्टेटमेंटवरचा आकडा उतरला तरी तुमचा उतरू द्यायचा नाही. कार्डावर नवी खरेदी केली नाहीत तर ९० साधारण ३० महिन्यांत फिटतात. हेच किमान रकमेच्या मागं गेलात तर ३० महिन्यांनीही ४७ बाकी असतील.

नवऱ्याची मुदत वाढवायची कल्पना : तुमचं मन बरोबर सांगतंय. १५ची २० वर्षं केली की ९ टक्क्यांनी हप्ता ३४वरून ३०वर येतो, महिन्याला जेमतेम ४ सुटतात. पण आज भरायचे १८० हप्ते मिळून ६,१२० होतात आणि मुदत वाढवल्यावर २४० हप्ते मिळून ७,२३८च्या आसपास. फरक १,१००हून जास्त, म्हणजे तुमचा ११ महिन्यांचा अख्खा पगार. हे नवऱ्याला रागानं सांगू नका, कागदावर त्याच्याच हातानं करायला द्या. आणि हेही लक्षात असू द्या की उद्या त्याची नोकरी गेली, हप्ते थकायची वेळ आली, तर हप्ता चुकवण्याआधी ठोठवायचं दार हेच आहे. म्हणून ते आत्ता वापरून संपवू नका.

मग महिन्याचा हिशेब असा बसतो. घर ३४, वैयक्तिक कर्ज ११, नवं कर्ज ४.४, फी ९, वर्षाच्या खर्चांसाठी ५, दिराला १. झाले ६४.४. राहतात ३५.६ आणि तुमचा घरखर्च आहे ३८. म्हणजे अडीचएक घरखर्चातून कमी करावे लागतील. कुठून, ते मी इथं बसून सांगू शकत नाही. तुम्ही ‘घरखर्च ३८’ असं एका शब्दात लिहिलंय. एक महिना दोघांनी प्रत्येक खर्च लिहा, त्याचा चहा आणि तुमची रिक्षा धरून. न वापरलेल्या वर्गण्या, दोन फोनांचे महागडे प्लॅन, बाहेरून मागवलेलं जेवण, असं बरंच त्या यादीत वर येईल. फक्त मुलाच्या वस्तूंपासून सुरुवात करू नका. घरात कात्री पहिल्यांदा तिथं लागली की कमावणारा माणूस आतून खचतो, आणि पुढच्या वेळी पुन्हा लपवतो.

दिराला १ का, ते सांगते. १५० देणं असताना महिन्याला १ देऊन काय होणार, असं नवरा म्हणेल. दिराला पैशापेक्षा शब्द हवा आहे. दोघांनी त्याच्याकडे जा, किती देणं आहे हे स्वतःच्या तोंडानं म्हणा, आज एवढंच जमतंय म्हणून सांगा आणि ठरलेल्या तारखेला पाठवत राहा. या कर्जाला व्याज नाही असं तुम्ही लिहिलंय. न येणारे फोन हेच त्याचं व्याज आहे आणि ते तुम्ही चार वर्षं भरताय.

चौदा महिन्यांनी ११ मोकळे होतील. गणित म्हणेल ते नव्या कर्जात लगेच घाला, व्याज वाचेल. मी तसं सांगणार नाही. एकच पगार असलेल्या घरात राखीव पैसा नसणं हे १५ टक्के व्याजापेक्षा धोक्याचं आहे. पुढचे दहा महिने ते ११ साठवा, ११० होतील. हप्ता, फी आणि घरखर्च मिळून एका महिन्याला ८०च्या आसपास लागतात, म्हणजे सव्वा महिन्याची सोय झाली. चोविसाव्या महिन्यात नवं कर्ज संपतं. तिथून ११, ४.४ आणि तो १, असे सोळा-साडेसोळा दर महिन्याला दिराकडे गेले तर त्याचे उरलेले १२६ आठ महिन्यांत फिटतात. आजपासून ३२ महिने. त्यानंतर घराच्या कर्जाशिवाय तुमच्यावर काही नसेल. मग वर्षाला एक जादा हप्ता थेट मुद्दलात भरायला लागा.

आणि नवऱ्याचा साधा मुदत विमा आहे का ते या आठवड्यातच बघा. मुदतीनंतर पैसे परत देणाऱ्या पॉलिसीविषयी मी बोलत नाहीये. जिवाचं बरंवाईट झालं तरच पैसे देणारा आणि म्हणूनच स्वस्त असलेला विमा. कर्जांची बेरीज आणि मुलाचं शिक्षण भागेल एवढा तरी हवा.

ताई, मी घरात एकटा कमावणारा आहे. सहा महिन्यांच्या खर्चाएवढी मुदत ठेव आहे, ७ टक्क्यांची. दुसरीकडे १६ टक्क्यांचं वैयक्तिक कर्ज चालू आहे, बाकी तीन महिन्यांच्या खर्चाएवढी. बायको म्हणते ठेव मोडून टाका. मला ठेव मोडवत नाही, ती असली की रात्री झोप लागते.

— एक वाचक

उत्तर :

तुमची झोप मला मान्य आहे. तिची किंमत तेवढी बघा. दर १०० मागं ठेव तुम्हाला ७ देते आणि कर्ज १६ नेतं. वर्षाला ९ तुम्ही नुसते निर्धास्त वाटण्यासाठी मोजताय.

अर्धी ठेव मोडा आणि कर्ज पूर्ण फेडा. तीन महिन्यांचा खर्च तरीही हाताशी राहतो. त्याआधी दोन आकडे विचारून घ्या : मुदतीआधी ठेव मोडली तर किती कापतात आणि मुदतीआधी कर्ज फेडलं तर किती शुल्क लावतात. दोन्ही मिळून वाचणाऱ्या व्याजापेक्षा कमी असतील तर थांबू नका. कर्ज संपल्यावर त्याचा हप्ता पुढच्याच महिन्यापासून त्याच तारखेला ठेवीत वळवा, बँकेला तशी कायमची सूचना देऊन. हे राहिलं तर तो पैसा घरखर्चात कधी विरघळला ते कळत नाही. असं होताना मी फार पाहिलंय.

मात्र तुमची नोकरी कंत्राटी असेल किंवा कंपनीत माणसं कमी करण्याची कुजबुज चालू असेल, तर ठेवीला आत्ता हात लावू नका. तेव्हा बायकोला तुमची बाजू सांगा, ती बरोबर आहे.

ताई, मी एकटीच कमावते. घरी आई आणि मुलगी. मोठा भाऊ व्यवसायासाठी कर्ज काढतोय आणि मी जामीन राहावं असं म्हणतो. ‘नुसती सही तर करायची आहे, पैसे मी भरणार आहे’ असं त्याचं म्हणणं. लहानपणी वडील गेल्यावर त्यानंच मला शिकवलं. नाही कसं म्हणू?

— एक वाचक

उत्तर :

नुसती सही, हे शब्द मी वसुलीच्या टेबलावर जामीनदारांच्याच तोंडून ऐकलेत, रडत म्हटलेले. जामीनदाराची सही म्हणजे, त्यानं भरलं नाही तर मी भरेन, असं लिहून देणं. पैसे त्याच्या हातात पडतात, पण हप्ता थकला की पत्र तुम्हालाही येतं आणि तुमच्या पगारावर दावा लागू शकतो. सगळं सुरळीत चाललं तरी ते कर्ज तुमच्या पतइतिहासात दिसतं, आणि उद्या मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला जाल तेव्हा तुमची पात्रता त्यामुळे कमी होऊ शकते.

तुमच्या पगारावर तीन माणसं आहेत. भावाचं कर्ज तुम्ही एकटीनं पूर्ण फेडू शकाल का, आईची औषधं आणि मुलीची फी सांभाळून? उत्तर नाही असेल तर सही करू नका. त्याच्या प्रामाणिकपणाचा इथं प्रश्नच नाही. प्रामाणिक माणसांचेही व्यवसाय बुडतात, माझ्या नवऱ्याचा बुडाला.

पण हात हलवत जाऊ नका. परत आली नाही तरी तुमचं घर हलणार नाही अशी एक रक्कम ठरवा, मग ती लहान का असेना, आणि ती घेऊन समोरासमोर जा. फोनवर नको. त्याला म्हणा : “दादा, तू मला शिकवलंस म्हणून मी आज कमावते आहे. हे माझ्याकडून, परत करू नकोस. पण सही मी करणार नाही, कारण तुझं अडलं तर भरायला माझ्याकडे पैसे नसतील, आणि तेव्हा तुला माझ्यासमोर यायचीही लाज वाटेल. ते मला नकोय.”